पांढऱ्या गाद्यांची बोट

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र.

आम्ही बोट घ्यायचं ठरवलंय. हसू नकोस. दरवर्षी सुट्टीत तुझ्याकडे येतो, तळं समोर, आणि आम्ही आपले काठावर पाय बुडवून बसतो. थोरलीला आता बोटीमागे दोर धरून फळीवर उभं राहायचं वेड लागलंय. चौदाची झाली, कोणाचं ऐकत नाही. धाकटीला रबरी ट्यूबवर बसून ओरडायचंय. माझे सासरे गुडघ्यामुळे घरात अडकलेत, त्यांना गळ टाकून बसायचंय. तुझ्या सूनबाईला सावली हवी. आणि मला काय हवंय, तर कोणी कुरकुर करू नये, बस्स.

म्हणजे मासेही धरता आले पाहिजेत आणि मुलींना खेळताही आलं पाहिजे. तुझ्या गावात बोटींची यार्डं आहेत. जरा फेरी मारून येशील का? मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासत असतो, मला यातलं ओ का ठो कळत नाही. तू मासळीबाजारात आरोग्य निरीक्षक होतीस, तुला कोणी गंडवू शकत नाही.

तुझा,
छोट्या

---

१५ फेब्रुवारी

छोट्या,

मासळीबाजारात नोकरी केली म्हणून मला बोटी कळतात, हे तुला कोणी सांगितलं? मला फक्त घाण कळते. पण तीही पुष्कळ कळली.

तिन्ही यार्डं पालथी घातली. पहिल्यात एक गुळगुळीत विक्रेता भेटला. हात ओला, तोच पुढे केला. म्हणे, "मॅडम, ही खास फॅमिली बोट." मी बसायच्या बाकाचं झाकण उचललं. आत कोणाचं तरी जुनं आमिष, वाळून चामडं झालेलं, आणि त्याला चिकटलेला लहान मुलाचा मोजा. "कुठली फॅमिली?" मी विचारलं. तो बापडा झाकण लावून पुढच्या बोटीकडे वळला.

दुसऱ्या यार्डात सगळ्या बोटींत गालिचे. पाण्यातल्या वस्तूत गालिचा घालावा हे कोणाच्या डोक्यात आलं असेल, देव जाणे. ओल्या कुत्र्याचा वास. पेला ठेवायच्या खळगीत माशांचे खवले. मी वाकून वास घेतला तर तिथला माणूस म्हणतो, "बाई, बोटीला वास असतोच." बाजारातही मला हेच ऐकवायचे. वास असतो तिथे काहीतरी कुजलेलं असतं.

तिसऱ्या यार्डात एक साधी बोट बघितली. अ‍ॅल्युमिनियमची, रुंद, तळ सपाट, गालिचा नाही, पाइप लावून धुवून काढता येते. मध्ये उंच दांडा, त्याला फळीचा दोर बांधायचा. कडेला गळाच्या काठ्या रोवायच्या नळ्या. इंजिन बेताचं, थोरलीला ओढेल, पण गावाबाहेर फेकून देणार नाही. चढायची शिडी मागे इंजिनाजवळ नाही, कडेला आहे. दिसायला धुण्याच्या टबासारखी. मला आवडली.

आता तू ठरव. मी काही तिच्यात बसणार नाही. जिवंत आमिषाचा डबा उघडला की मी अजून नाक धरून लांब पळते.

आत्या

---

२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. मोज्यापाशी सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

पण जरा घोळ झालाय. साडूंना कळलं. तुला माहीतच आहे, ते कशात शिरले की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. म्हणाले, "टब कसला घेताय? दोघं मिळून एकच घेऊ, पण झक्कास." त्यांनी पाहूनही ठेवलीय. लांबलचक, पांढऱ्या शुभ्र गाद्या, गाणी लागतात, मागे पाण्यालगत ऐसपैस फळी, उन्हात लोळायला. तिथेच शिडी. इंजिन म्हणजे राक्षस. गळाच्या काठ्या मागेच लावता येतात, म्हणजे म्हणे एकीकडे पोरी खेळतील, एकीकडे मासा लागेल.

मी तुझ्या बोटीचं सांगून पाहिलं. ते हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सासरे त्यांच्याकडेच राहतात, त्यांना थोरला जावई म्हणजे सर्वस्व. ही म्हणते, "ताईच्या घरात वाद नको." मग मी हो म्हटलं.

रागावू नकोस.

छोट्या

---

६ मार्च

छोट्या,

रागावले नाही. बघून आले. तुमची राणी काल यार्डात उतरली, साडूसाहेबही सोबत होते. बोटीवर चढण्याआधी त्यांनी मला चपला काढायला लावल्या. काढल्या. गाद्या खरोखरच पांढऱ्या आहेत. इतक्या पांढऱ्या, की माणसाने तिथे बसावं असं त्यांना वाटत नसावं. त्यांनी एका गादीवरचा माझा हाताचा ठसा रुमालाने पुसला. माझ्यासमोर. माझा हात स्वच्छ होता, छोट्या. माझा हात कायम स्वच्छ असतो.

एकच सांगते. बाजारात मी पाहिलंय, ज्या ओट्यावर दोन कामं एकदम चालतात तिथेच बोट कापतं. पोर पाण्यात असली की गळ आत. गळ पाण्यात असला की पोर आत. हे साडूंना सांग. तुला जमत नसेल तर थोरलीला सांग, ती सांगेल.

तुम्ही याल तेव्हा मी नसेन. मैत्रिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तिच्या सोबतीला जातेय. किल्ली शेजारणीकडे. न्हाणीघरात ओले टॉवेल लोंबकळत ठेवू नका.

आत्या

---

९ एप्रिल

प्रिय आत्या,

सुट्टी छान झाली. घर तुझ्या शिस्तीत ठेवलं, टॉवेलसकट. बोट मस्त पळते. सासरे काठावर खुर्ची टाकून बसले, त्यांना उन्हाचा त्रास झाला नाही.

थोरलीचा पाय शिडीवर जरा खरचटला. डॉक्टरांनी बघितलं, टाके घातले. काळजीचं काही नाही. मधली दोन-तीन पत्रं राहिली, लॅबमध्ये काम फार होतं.

मैत्रिणीचा डोळा कसा आहे?

छोट्या

---

२० एप्रिल

छोट्या,

डोळा उत्तम आहे. तिला आता माझ्यापेक्षा जास्त दिसतं. मला मात्र काल जे दिसलं ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

यार्डावरून जात होते. तुमची बोट बाहेर काढलेली, आणि साडूसाहेब कामगाराच्या डोक्यावर उभे. मला पाहून हात हलवला. "या, या, आत्याबाई! बघा काय दशा झालीये."

मागच्या गादीच्या शिवणीत तपकिरी डाग होता. तळहाताएवढा.

"काय सांडलं?" मी विचारलं.

"पोरीच्या पायाचं रक्त हो. मी लगेच ताडपत्री टाकली म्हणून एवढ्यावर निभावलं."

मला वाटलं माझ्या कानांनी पुन्हा दगा दिला. "आधी ताडपत्री टाकलीत?"

"मग? पांढरं मटेरियल आहे. एकदा मुरलं की जात नाही."

"आणि पोर?"

"तिला खाली बसवलं ना. खाली रबर आहे, धुता येतं." आणि मग, अगदी खुशीत, "पण मासा काही सोडला नाही, बरं का!" असं म्हणत त्यांनी फोन काढला.

फोटो दाखवला. कल्ल्यात बोट घालून मासा उंच धरलाय, तोंडभर हसतायत. आणि खालच्या कोपऱ्यात, छोट्या, टॉवेलात गुंडाळलेला एक पाय. टॉवेल माझा आहे, निळ्या काठाचा. अर्धा लाल झालेला.

मी आयुष्यभर सडलेल्या टोपल्यांत हात घातलेत. किडे वळवळताना पाहिलेत. बर्फाखाली जुना माल दडवून वर ताजा रचणारे पाहिलेत. किळस आली तरी तपासणीचा कागद पुरा केल्याशिवाय कधी जागची हलले नाही. काल मात्र त्या माणसाकडे पाठ फिरवली. यार्डाच्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. त्याला शिवलेही नव्हते.

खरचटलं, असं लिहिलंस तू. टाके घातले. काळजीचं काही नाही.

आता खरं लिही.

आत्या

---

२८ एप्रिल

आत्या,

थोरलीच्या उजव्या पायाची करंगळी गेली. टाचेपर्यंत कापलं होतं. आता कुबडी घेऊन चालते.

झालं असं. बोटीत आम्ही तिघंच होतो. साडू चालवत होते, मी मागे तोंड करून तिच्यावर लक्ष ठेवायला. ती फळीवर मस्त उभी राहिली, लांबपर्यंत आली, मग पडली. आम्ही वळून तिच्याजवळ गेलो. ती पोहत मागच्या शिडीकडे आली. मी म्हटलं, "इंजिन बंद करा ना." ते म्हणाले, "न्यूट्रलला आहे, काही होत नाही."

तुझं सांगणं मी त्यांना सांगितलं नव्हतं. गळ लावलेलाच होता. तेवढ्यात काठी वाकली. ते ओरडले, "लागला!" आणि तिकडे झेपावले. कंबरेचा धक्का गिअरला बसला. मागचा पंखा एकदाच फिरला असेल. ती ओरडलीसुद्धा नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

मी तिला वर ओढलं, टॉवेल बांधला. ते म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट," आणि मासा ओढत राहिले. मासा आत आला तेव्हा त्यांनी ताडपत्री घेतली. मला वाटलं तिच्या अंगावर घालतायत. त्यांनी गादीवर घातली. म्हणाले, "तिला खाली घे." आणि आत्या, मी घेतलं. रबरावर, माशाच्या बादलीशेजारी.

तो फोटो मी काढलाय. "छोट्या, पटकन एक काढ," म्हणाले, आणि माझा हात वर गेला. तिने मला काढताना पाहिलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते, पण तोंडाकडे बघत नाही. घरी आरशासमोर दात घासताना मला माझंच तोंड बघवत नाही. किळस येते. साडूंची नाही, ती तर आहेच. स्वतःची.

हिने काठावरून काही पाहिलं नाही. तिला मी अपघात झाला एवढंच सांगितलं. गादीचं आणि फोटोचं कोणालाच सांगितलं नाही.

मला माफ कर.

छोट्या

---

४ मे

छोट्या,

माफी माझ्याकडे कसली मागतोस? पाय माझा नव्हता.

आधी पोरीसमोर बस. ती विचारेल त्याला उत्तर दे, आणि उत्तर नसेल तर माहीत नाही म्हण. मग बायकोला सांग. मग त्या माणसाच्या घरी जा आणि सगळ्यांसमोर बोल. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवतोस, एकदा स्वतःचे वापर.

आत्या

---

२२ मे

प्रिय आत्या,

बोललो.

थोरलीसमोर बसलो तेव्हा ती पलंगावर होती, पाय उशीवर. मी सगळं बोलून दाखवलं, फोटोसकट. ती उशीच्या शिवणीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांना एवढं का घाबरता?" तू सांगितल्याप्रमाणे म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "मग शोधा."

हिला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. म्हणाली, "ताईला काही बोलू नका हं." थोड्या वेळाने बाहेर आली. "नाही. बोला. मी पण येते."

रविवारी साडूंकडे जेवण होतं. जेवणघरात शिरलो आणि समोर भिंतीवर तो फोटो. मोठा करून, चौकटीत. खालचा कोपरा कापलेला. नुसते ते आणि मासा. त्याखालीच सासरे बसले होते, ताट पुढ्यात.

मी बसलो नाही. म्हटलं, "या फोटोत खाली एक पाय होता."

साडू हसले. "बस रे, जेव आधी."

"माझ्या मुलीचा पाय होता. तिचं रक्त वाहत असताना तुम्ही मासा ओढत होतात. मग गादी झाकलीत. मग फोटो काढायला लावलात." आवाज चिरकला, पण थांबलो नाही. या वेळी मागून कोणी मला चिमटा काढला नाही. ही माझ्या बाजूला उभी होती.

"अरे, अपघात होतात," ते म्हणाले. "एका करंगळीचं काय घेऊन बसलास? चालता येतं की तिला."

सासरे फोटोकडे मान वर करून बघत होते. मग मला विचारलं, "हाच का तो मासा? त्या दिवशीचा?"

"हो, बाबा."

"हा मला म्हणाला, पोरीला जरा लागलंय, मासा मात्र खास तुमच्यासाठी धरलाय." त्यांनी तोंडावर हात ठेवला. "तो मी खाल्ला. कौतुक करत खाल्ला." समोरचं ताट त्यांनी लांब ढकललं. उठायला गुडघा साथ देईना, मी हात दिला.

मेहुणी दाराशी उभी होती. हिने तिला विचारलं, "ताई, तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "चौकट मीच करून आणली. पूर्ण फोटो पाहिलाय मी. तुम्हीच कोणी काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला काही वाटत नाहीये."

आत्या, साडूंच्या बोलण्यापेक्षा हेच जास्त लागलं. ती भांडत नव्हती. खरंच तसं वाटलं होतं तिला.

सासरे आमच्याकडे आलेत. धाकटीच्या खोलीत झोपतात आणि घोरतात, ती वैतागलीय. बोटीतला आमचा हिस्सा साडूंना लखलाभ म्हणून सोडला. मी म्हटलं, आता बोटीचं नाव नको. तर थोरली म्हणाली, "का? मला पाण्यात जायचंय. मी का नाही जायचं?" डॉक्टरही म्हणाले, जखम भरली की हरकत नाही.

मग इकडेही यार्डं आहेत हे कळलं, तिला घेऊन तिथे हिंडलो. विक्रेते तिला गाणी आणि रंग दाखवायचे. ती कुबडी टेकत थेट कडेला जायची आणि म्हणायची, "शिडी कुठेय?" शिडी मागे असली की पुढची बोट. शेवटी धुण्याच्या टबासारखी एक मिळाली. आमिषासाठी वेगळा डबा आहे, घट्ट झाकणाचा. तुझ्यासाठी.

छोट्या

---

१९ ऑगस्ट

छोट्या,

परवा तुम्ही गेलात. सासऱ्यांचा चष्मा उशीखाली राहिलाय, पाठवते. डब्याचं झाकण घट्ट नाही. अंगणात ठेवला होतात तिथली फरशी फिनेलने दोनदा धुतली, वास तसाच.

मी धक्क्यावरून बघत होते. थोरली फळीवर उभी राहिली, हात सुटले, पडली, हे दिसलं. मग बोट तिच्याजवळ गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. ती पाण्यात, आणि तू हात उंच करून उभा, पुतळ्यासारखा. कोणाला बोलावत होतास? परत आलात तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक, आणि ती आपली हसतेय. विचारलं तर म्हणे, "बाबांना विचार."

म्हणून विचारतेय.

आत्या

---

२७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

चष्मा मिळाला. झाकण बदलून घेतो.

कोणाला बोलावत नव्हतो. सांगतो.

तिने सुरुवातीलाच बजावलं होतं, आजोबांचा गळ आत, काठी आडवी. सासऱ्यांनी मुकाट्याने ऐकलं. पहिल्या दोन खेपांना ती गुडघ्यावरच कोसळली. पाय धरत नाही म्हणून चिडली, शिव्याही दिल्या, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा उठली. वाकडी, एका बाजूला कललेली, पण उठली.

पडल्यावर मी वळून तिच्याजवळ गेलो आणि इंजिन बंद केलं. शिडी कडेला टाकली. ती मात्र जवळ येईना. चार हात लांब, नुसती तरंगत.

"बंद केलं?" तिने विचारलं.

"केलं."

"नक्की?"

"नक्की, बाळा."

ती तिथेच. तिचे दात वाजत होते. मला कळलं, माझ्या शब्दावर ती येणार नाही. का यावं? मग मी किल्ली काढली आणि हात वर केला, तिला दिसेल असा. तोच तू पाहिलास. ती किल्लीकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. सरळ. एप्रिलपासून पहिल्यांदा. मी हात खाली घेतला नाही. खांदा भरून आला तरी नाही. ती हळूहळू आली, शिडी धरली, दुखरा पाय आधी टेकला आणि वर चढली. मी तिला धरून बाकावर बसवलं. मधल्या, चांगल्या बाकावर. सगळं पाणी तिथे निथळलं.

आणि मग काय झालं, विचारू नकोस. दुसऱ्या बाजूला वाकलो आणि सकाळपासूनचं सगळं तळ्यात ओकलो. भडाभडा. नाकातोंडातून.

"शी! बाबा!" थोरली किंचाळली. नाक दाबून धरलं आणि हसत सुटली.

सासऱ्यांनी वाकून पाण्यात बघितलं, मग गळाची काठी उचलली. "पोरगी वर आलीय ना?" म्हणाले. "मग थांबा जरा इथेच. आता मासे येतील."

तुझा,
छोट्या